एक्सआरडीचा आलेख वाचण्याआधी क्ष-किरण समजून घ्या: ट्यूबपासून पीकपर्यंत

एक्सआरडीची, म्हणजे क्ष-किरण विवर्तनाच्या मोजणीची, फाईल हातात पडली की विद्यार्थी लगेच पीक, म्हणजे आलेखातले सुळके, मोजायला बसतात. कुठलं पीक कुठल्या प्रतलाचं (अणूंच्या थराचं), ज्ञात पदार्थांच्या जेसीपीडीएस कार्डाशी जुळतं का, हे एक जादा पीक कुठून आलं? प्रश्न योग्यच आहेत, पण त्यांची निम्मी उत्तरं सॅम्पलमध्ये नसतातच. ती क्ष-किरण देणाऱ्या ट्यूबमध्ये असतात. टार्गेट, म्हणजे ट्यूबमध्ये इलेक्ट्रॉन आदळतात तो तुकडा, कोणत्या धातूचं होतं, किती केव्हीवर (हजार व्होल्टवर) चालवलं, फिल्टर होता का, ट्यूब किती जुनी होती, यावर आलेखाचं रूप ठरतं. सोलापुरात एमएस्सीला आणि पीएचडीच्या पहिल्या वर्षाला असलेली कितीतरी मुलं फेराइट (लोखंडाचे चुंबकीय ऑक्साइड), पातळ थर, ऑक्साइडच्या भुकट्या तयार करतात आणि सॅम्पल पुडीत बांधून कुठल्यातरी मोठ्या प्रयोगशाळेत पाठवतात. यंत्र त्यांनी पाहिलेलंही नसतं. त्यांच्यासाठी, आणि ज्यांच्या विभागात यंत्र आहे पण ते चालवायची धास्ती वाटते त्यांच्यासाठी, हा लेख आहे.

पायरी १: किरणाचा स्वभाव ओळखा

क्ष-किरण म्हणजे प्रकाशच, फक्त तरंगलांबी फार लहान. डोळ्यांना दिसणारा प्रकाश साधारण ४००० ते ७००० अँगस्ट्रॉमचा. स्फटिकांच्या अभ्यासात वापरतात ते क्ष-किरण साधारण ०.५ ते २.५ अँगस्ट्रॉमचे. एक अँगस्ट्रॉम म्हणजे एका मीटरचा एक हजार कोटीवा भाग. घन पदार्थात शेजारशेजारचे अणू एक ते तीन अँगस्ट्रॉमवर बसलेले असतात. तरंगलांबी आणि अणूंमधलं अंतर एकाच मापाचं आहे, म्हणून विवर्तन होतं, म्हणजे अणूंवरून विखुरलेले किरण ठरावीक कोनांनाच एकमेकांना बळ देतात. साध्या प्रकाशाने हे होत नाही.

मग भिंग लावून अणूंचं चित्रच का काढत नाहीत? कारण क्ष-किरण काचेतून किंवा कुठल्याही पदार्थातून जाताना जवळजवळ वाकतच नाहीत. त्यांच्यासाठी सगळ्या पदार्थांचा अपवर्तनांक १ च्या अगदी जवळ असतो. भिंगाचा मार्ग बंद, म्हणून विखुरलेल्या किरणांचे कोन मोजून उलटं गणित करायचं. सगळं स्फटिकशास्त्र या उलट्या गणितावर उभं आहे.

विल्हेल्म राँटगेन यांना हे किरण ८ नोव्हेंबर १८९५ ला जर्मनीतल्या वुर्त्सबुर्गमध्ये सापडले. पण ते लहरी आहेत की कण, यावर पुढची सतरा वर्षं वाद चालला. १९१२ मध्ये म्यूनिकला माक्स फॉन लाऊए यांच्या कल्पनेवरून फ्रीडरिश आणि क्निपिंग यांनी एका स्फटिकातून झोत सोडला आणि मागच्या फोटोप्लेटवर ठिपके उमटले. तो स्फटिक मोरचुदाचा होता. आपल्या जिल्ह्यातले द्राक्षबागायतदार बोर्डो मिश्रणात घालतात तेच मोरचूद. त्या एका प्रयोगाने दोन गोष्टी एकदम सिद्ध झाल्या: क्ष-किरण लहरी आहेत, आणि स्फटिकात अणू ओळीने मांडलेले आहेत. पुढच्याच वर्षी ब्रॅग पितापुत्रांनी ते गणित एका ओळीत आणलं आणि १९१५ चं नोबेल दोघांना मिळून मिळालं. मुलगा लॉरेन्स तेव्हा २५ वर्षांचा होता.

ती ओळ अशी: लॅम्डा = २ × डी × साइन थीटा. लॅम्डा ही तरंगलांबी, डी हे दोन प्रतलांमधलं अंतर, थीटा हा झोत आणि प्रतल यांमधला कोन. यंत्र दाखवतं तो टू-थीटा असतो, म्हणून गणितात घालताना निम्मा करायचा. साइन एकच्या वर जात नाही, म्हणून डी लॅम्डाच्या निम्म्यापेक्षा लहान असेल तर ते प्रतल दिसणारच नाही. तांब्याच्या किरणांनी ०.७७ अँगस्ट्रॉमच्या खालचं अंतर दिसत नाही, मॉलिब्डेनमच्या किरणांनी ०.३६ पर्यंत जाता येतं.

आणखी एक सूत्र वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा: तरंगलांबी (अँगस्ट्रॉम) = १२.३९८ भागिले ऊर्जा (किलो-इलेक्ट्रॉनव्होल्ट). या एककाला पुढे केईव्ही म्हणतो. टार्गेट, व्होल्टेज, फिल्टर, सगळ्यांचा हिशोब या सूत्राने होतो.

पायरी २: ट्यूबच्या आत काय घडतं ते डोळ्यांपुढे आणा

प्रयोगशाळेतली बहुतेक यंत्रं सीलबंद ट्यूबवर चालतात. तिची मूळ रचना कूलिज यांनी १९१३ मध्ये दिली. पूर्ण निर्वात नळीत एका टोकाला टंगस्टनची फिलामेंट, समोर तांब्याचा किंवा दुसऱ्या धातूचा ॲनोड, म्हणजेच टार्गेट. फिलामेंट तापली की तिच्यातून इलेक्ट्रॉन सुटतात. फिलामेंट आणि ॲनोड यांच्यात ४० हजार व्होल्ट लावले की ते इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या वेगाच्या साधारण ३७ टक्के वेगाने टार्गेटवर आदळतात.

आदळणाऱ्या ऊर्जेचं पुढे काय होतं हे नीट समजून घ्या. ४० केव्ही आणि ४० मिलिॲम्पिअर म्हणजे १६०० वॉट. त्यातली क्ष-किरण होऊन बाहेर पडते ती एक टक्क्याहूनही बरीच कमी. उरलेली सगळी उष्णता. ती जिथे पडते तो भाग किती मोठा? साधारण १२ मिलिमीटर लांब आणि ०.४ मिलिमीटर रुंद पट्टा. एवढ्याशा जागेवर दीड किलोवॉट उष्णता सतत ओतली जाते. पाणी मागून वाहत नसेल तर तांबं काही क्षणांतच वितळेल. ट्यूबला पाणी का लागतं, आणि पाण्याचा प्रवाह कमी झाला की यंत्र स्वतःहून का बंद पडतं, त्याचं कारण हे आहे.

त्या पट्ट्याकडे साधारण ६ अंशांच्या तिरप्या कोनातून पाहिलं की ०.४ मिलिमीटरची रुंदी ०.०४ मिलिमीटर दिसते. उष्णता रुंद जागेवर पसरते आणि झोत मात्र बारीक मिळतो. ट्यूबला सहसा चार खिडक्या असतात. पट्ट्याच्या लांब बाजूसमोरच्या दोन खिडक्यांतून रेषेसारखा झोत मिळतो आणि तो भुकटीच्या कामाला वापरतात. दुसऱ्या दोन खिडक्यांतून ठिपक्यासारखा झोत येतो. खिडक्या बेरिलियमच्या असतात, कारण इतका हलका धातू क्ष-किरणांना फारसा अडवत नाही. बेरिलियम विषारी आहे आणि तो पत्रा ठिसूळ असतो. त्याला बोट लावू नका, फडक्याने पुसू नका, ट्यूब फुटली तर तुकडे स्वतः उचलू नका.

पायरी ३: एकाच ट्यूबमधून येणारे दोन प्रकारचे किरण वेगळे ओळखा

पहिला प्रकार अखंड वर्णपटाचा. इलेक्ट्रॉन टार्गेटच्या अणूंजवळून जाताना मंदावतात आणि घटलेली ऊर्जा फोटॉन होऊन बाहेर पडते. कुणी थोडी ऊर्जा देतो, कुणी जास्त, म्हणून सगळ्या तरंगलांब्या निघतात. पण एखाद्या इलेक्ट्रॉनने सगळी ऊर्जा एकदम दिली तरी त्याच्याकडे ४० केईव्हीच आहे. त्यामुळे सर्वांत लहान तरंगलांबी १२.३९८ भागिले ४०, म्हणजे ०.३१ अँगस्ट्रॉम. व्होल्टेज वाढवलं की ही सीमा आणखी खाली सरकते. टार्गेटच्या धातूशी तिचा काही संबंध नाही.

दुसरा प्रकार लाक्षणिक किरणांचा, आणि आपल्या कामाचा तोच. आदळणारा इलेक्ट्रॉन अणूच्या सर्वांत आतल्या के कवचातला इलेक्ट्रॉन उडवून देतो. रिकाम्या जागी एल कवचातला इलेक्ट्रॉन आला तर के-अल्फा किरण निघतो, एम कवचातून आला तर के-बीटा. दोन कवचांमधला ऊर्जेचा फरक प्रत्येक धातूचा ठरलेला, म्हणून तरंगलांबीही ठरलेली. तांब्याला के कवचातून इलेक्ट्रॉन काढायला ८.९८ केईव्ही लागतात. ट्यूब ८ केव्हीवर चालवली तर अखंड वर्णपट मिळेल, के-अल्फा किंवा के-बीटा मिळणार नाही.

मोस्ली यांनी १९१३ मध्ये दाखवलं की के-अल्फाची ऊर्जा अणुक्रमांकातून एक वजा करून केलेल्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. करून पाहा. तांब्याचा अणुक्रमांक २९, एक वजा केला की २८, त्याचा वर्ग ७८४, त्याला १०.२ इलेक्ट्रॉनव्होल्टने गुणलं की जवळजवळ ८.० केईव्ही. १२.३९८ ला त्याने भागा, १.५५ अँगस्ट्रॉम येतं. प्रत्यक्ष सरासरी मूल्य १.५४१८ आहे. कागदावरच्या चार ओळींच्या गणिताने इतकं जवळ जाता येतं. हे प्रत्येक विद्यार्थ्याने एकदा तरी हाताने करावं.

के-अल्फा एकटा नसतो. एल कवचात दोन जवळजवळच्या पातळ्या आहेत, म्हणून तांब्याच्या के-अल्फा-१ ची तरंगलांबी १.५४०६ आणि के-अल्फा-२ ची १.५४४४ अँगस्ट्रॉम. पहिल्याची तीव्रता दुसऱ्याच्या दुप्पट. के-बीटा १.३९२२ वर. हे तीन आकडे पाठ करा, पुढे त्यांचाच उपयोग होणार आहे.

पायरी ४: सॅम्पलकडे पाहून टार्गेट निवडा

या पायरीवर सर्वांत जास्त वेळ द्या. आपल्याकडे नेमकं याकडेच सर्वांत कमी लक्ष जातं. बहुतेक यंत्रांना तांब्याची ट्यूब लावलेली असते आणि सगळी सॅम्पल तिच्यावरच धावतात. तांबं उष्णता चांगली वाहून नेतं, झोत तीव्र मिळतो, तरंगलांबी मध्यम आहे, म्हणून ते सोयीचं. पण सगळ्यांना चालत नाही.

नियम असा की, येणाऱ्या किरणाची ऊर्जा सॅम्पलमधल्या एखाद्या मूलद्रव्याच्या के शोषण कडेपेक्षा (के कवचातला इलेक्ट्रॉन काढायला लागणाऱ्या ऊर्जेपेक्षा) थोडीशीच जास्त असेल तर ते मूलद्रव्य तो किरण भसाभस शोषतं आणि स्वतःचे क्ष-किरण सोडतं. ही प्रतिदीप्ती. ती सगळ्या दिशांना सारखी पसरते आणि आलेखाचा तळ वर उचलते. लहान पीक त्यात बुडून जातात.

आकडे पाहा. तांब्याच्या के-अल्फाची ऊर्जा ८.०५ केईव्ही. शोषण कडा मँगनीजची ६.५४, लोखंडाची ७.११, कोबाल्टची ७.७१, निकेलची ८.३३ आणि जस्ताची ९.६६. म्हणजे तांब्याचे किरण कोबाल्ट फेराइटवर टाकले तर लोखंड आणि कोबाल्ट दोघंही चमकतात. सोलापुरात फेराइटवर काम करणारे इतके विद्यार्थी आहेत, आणि प्रत्येकाच्या प्रबंधात तो जाड, केसाळ तळ दिसतो. त्याचा दोष सॅम्पल तयार करण्याच्या पद्धतीवर ढकललेला असतो. सोल-जेलमध्ये, म्हणजे द्रावणातून भुकटी बनवण्याच्या कृतीत, काही बिघडलेलं नसतं. टार्गेट आणि सॅम्पल यांची जोडी चुकलेली असते.

उपाय कोबाल्टची ट्यूब. तिच्या के-अल्फाची ऊर्जा ६.९३ केईव्ही, लोखंडाच्या कडेपेक्षा कमी, म्हणून लोखंड चमकत नाही. शिवाय लोखंडासारख्या पदार्थात तांब्याचे किरण साधारण ४ मायक्रॉनवरच क्षीण होतात, तर कोबाल्टचे किरण जवळपास पाच पट खोल जातात आणि जास्त स्फटिककण मोजणीत येतात. मात्र सॅम्पल मँगनीज फेराइट असेल तर कोबाल्टचे किरणही मँगनीजला चमकवतील, कारण ६.९३ हे ६.५४ पेक्षा जास्त आहे. तिथे लोखंडाचं टार्गेट, ६.४० केईव्हीचं, योग्य ठरतं.

ट्यूब बदलणं हातात नसेल तर डिटेक्टरच्या बाजूने वाट काढा. विवर्तित झोतापुढे ग्रॅफाइट मोनोक्रोमेटर (एकच तरंगलांबी पुढे सोडणारा स्फटिक) असेल तर प्रतिदीप्तीचे किरण त्यातून पुढे जात नाहीत. आजच्या बऱ्याच डिटेक्टरांमध्ये ऊर्जेची खालची मर्यादा वर सरकवता येते. लोखंडाची प्रतिदीप्ती ६.४० केईव्हीला आणि आपला किरण ८.०५ ला, एवढा फरक पकडणारा डिटेक्टर असेल तर तळ बराच खाली येतो. कोबाल्टची ६.९३ ची प्रतिदीप्ती वेगळी काढणं त्यापेक्षा अवघड.

टार्गेट बदललं की पीकची जागा बदलते, डी मात्र तोच राहतो. फेराइटचं सर्वांत मोठं ३११ पीक (हे आकडे म्हणजे प्रतलाचं नाव) तांब्याने टू-थीटा ३५.५ अंशांच्या आसपास येतं आणि कोबाल्टने ४१.४ च्या आसपास. दोन वेगळ्या यंत्रांवरचे आलेख एकावर एक ठेवून 'पीक सरकलं' असं लिहिण्याआधी दोन्ही टार्गेटं तपासा. तुलना नेहमी डीची करा.

आपल्या काळ्या मातीचंही असंच. दख्खनच्या बेसॉल्टपासून झालेली ही माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात फुगते, कारण तिच्यात स्मेक्टाइट गटाची चिकणखनिजं असतात. थरांमध्ये पाणी शिरलं की त्यांचं अंतर वाढतं. हवेत वाळलेल्या नमुन्यात ते अंतर साधारण १५ अँगस्ट्रॉम, म्हणजे तांब्याने टू-थीटा ५.९ अंशांवर पीक. ग्लायकॉलची वाफ दिली की ते १७ अँगस्ट्रॉमपर्यंत जातं आणि पीक ५.२ वर सरकतं. स्मेक्टाइट ओळखण्याची खूण हीच. इतक्या लहान कोनांवर थेट झोताचा आणि हवेतून विखुरलेल्या किरणांचा त्रास असतो, वर मातीतलं लोखंड तळ उचलतं. कोबाल्ट वापरलं तर १५ अँगस्ट्रॉमचं पीक ६.८ अंशांवर जातं आणि तळही उतरतो. मातीवर काम करणाऱ्यांनी कोबाल्टची ट्यूब असलेली प्रयोगशाळा शोधावी, तेवढा शोध सत्कारणी लागतो.

एकस्फटिकाच्या कामात निवड मुख्यतः तांबं आणि मॉलिब्डेनम यांच्यात. मॉलिब्डेनमची तरंगलांबी ०.७१०७ अँगस्ट्रॉम. शोषण तरंगलांबीच्या घनाच्या प्रमाणात वाढतं असं ढोबळमानाने धरलं, तर तांब्याचे किरण त्याच्या दहापट शोषले जातात. जड धातू असलेल्या संयुगाला मॉलिब्डेनम बरं. खडीसाखरेसारख्या कार्बन, हायड्रोजन, ऑक्सिजनच्या स्फटिकाला तांबं बरं, विशेषतः रेणू डावा की उजवा हे ठरवायचं असेल तेव्हा. क्रोमियमची २.२९१० ही लांब तरंगलांबी पीक दूर दूर पसरवते, पण हवेतच तिचा बराच भाग शोषला जातो. ती ठरावीक कामांपुरतीच.

पायरी ५: केव्ही आणि मिलिॲम्पिअर ठरवा

करंट दुप्पट केला की तीव्रता दुप्पट. व्होल्टेजचा हिशोब वेगळा. लाक्षणिक रेषेची तीव्रता लावलेलं व्होल्टेज वजा त्या धातूचं किमान व्होल्टेज, याच्या साधारण दीडाव्या घाताने वाढते. तांब्यासाठी ३० केव्हीला हा फरक २१ आणि ४० केव्हीला ३१. म्हणजे करंट तोच ठेवून ३० वरून ४० वर गेलं की तीव्रता सुमारे १.८ पट. पण फार वर गेलं की अखंड वर्णपटही वाढतो, म्हणून किमान व्होल्टेजच्या चार ते पाच पट ही चांगली जागा. तांब्याला ३६ ते ४५ केव्ही. बहुतेक यंत्रांवर ४० केव्ही लिहिलेलं दिसतं ते म्हणून. टेबलावरची काही लहान यंत्रं ३० केव्ही आणि १० मिलिॲम्पिअरवर, म्हणजे ३०० वॉटवर चालतात. तिथे तीव्रता कमी मिळते म्हणून व्होल्टेजशी झटापट करू नका, मोजणीचा वेळ वाढवा.

पायरी ६: के-बीटा काढून टाका

के-बीटाची तीव्रता के-अल्फाच्या साधारण पाचवा ते सातवा हिस्सा. तिचं वेगळं पीक प्रत्येक मोठ्या पीकच्या डावीकडे उमटतं. ती अडवायला अशा धातूचा पातळ पत्रा लावतात ज्याची शोषण कडा के-अल्फा आणि के-बीटा यांच्या मधोमध येते. तांब्यासाठी निकेल: त्याची कडा १.४८८ अँगस्ट्रॉमवर, एका बाजूला के-बीटा १.३९२ आणि दुसऱ्या बाजूला के-अल्फा १.५४२. सुमारे ०.०२ मिलिमीटर जाडीचं निकेल के-बीटाला के-अल्फाच्या पाचशेव्या भागापर्यंत आणतं. त्याची किंमत म्हणून निम्म्याहून जास्त के-अल्फाही जातो. कोबाल्टला लोखंडाचा फिल्टर, लोखंडाला मँगनीजचा, क्रोमियमला व्हॅनेडियमचा आणि मॉलिब्डेनमला झिर्कोनियमचा.

फिल्टर के-अल्फा-२ काढू शकत नाही, आणि सॅम्पलची प्रतिदीप्तीही थांबवत नाही. निकेल फिल्टर असताना एखाद्या फार मोठ्या पीकच्या डावीकडे तळ पायरीसारखा तुटलेला दिसतो. ती निकेलच्या शोषण कडेची खूण, दुसरं काही नाही.

पायरी ७: यंत्राजवळ जाण्याआधी सुरक्षिततेचे नियम पाळा

व्होल्टेज बंद केलं की क्ष-किरण त्याच क्षणी थांबतात. सॅम्पल किरणोत्सारी होत नाही, खोलीत काही उरत नाही. पण चालू असताना खिडकीजवळचा झोत भयंकर तीव्र असतो आणि काही सेकंदांतही बोट भाजू शकतो. त्या वेळी दुखत नाही, जखम नंतर दिसते. तांब्याचे किरण त्वचेच्या पहिल्या मिलिमीटरमध्येच निम्म्याहून जास्त शोषले जातात, म्हणजे सगळा मार त्वचेवर. त्यामुळे दाराचा इंटरलॉक (दार उघडताच झोत बंद करणारी कळ) कधीही, कोणत्याही कारणाने, 'फक्त एकदाच ॲलाइनमेंट बघायचीय' म्हणूनसुद्धा, निकामी करू नका. लाल दिवा बंद पडला असेल तर तो दुरुस्त होईपर्यंत यंत्र बंद ठेवा.

भारतात अशा यंत्रांवर अणुऊर्जा नियामक मंडळाची देखरेख असते आणि त्यासाठीचे अर्ज ई-लोरा या ऑनलाइन प्रणालीतून होतात. काम करणाऱ्यांसाठी डोसची मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट, कोणत्याही एका वर्षात ३० पेक्षा जास्त नाही. सर्वसामान्य माणसासाठी वर्षाला १. टीएलडी बॅज (अंगावर पडलेला डोस मोजणारा बिल्ला) मिळाला असेल तर तो छातीवर लावा. खणात ठेवलेला बॅज तुमचा डोस मोजू शकत नाही.

पायरी ८: सोलापूरच्या हवेत ट्यूब जपा

सुरू करताना आधी पाणी, मग व्होल्टेज, मग करंट. बंद करताना उलट: आधी करंट खाली, मग व्होल्टेज, आणि पाणी आणखी काही मिनिटं चालू. नवी ट्यूब, किंवा दिवाळीच्या सुट्टीत बंद पडून राहिलेली ट्यूब, एकदम ४० केव्हीवर नेऊ नका. २० केव्ही आणि अगदी कमी करंटवर सुरू करून ५-५ केव्हीने, प्रत्येक टप्प्यावर काही मिनिटं थांबत चढवा. आत साठलेला थोडासा वायू हळूहळू शोषला जातो आणि ठिणगी पडत नाही. नेमके टप्पे ट्यूबच्या पुस्तिकेत असतात, तेच पाळा.

आपल्याकडे खरी अडचण पाण्याची. शहरात नळाला रोज पाणी येत नाही, आणि बोअरचं पाणी क्षारांनी भरलेलं. ते चिलरमध्ये (ट्यूबचं पाणी थंड करणाऱ्या यंत्रात) घातलं की ॲनोडच्या मागच्या बारीक छिद्रांत क्षार बसतात, प्रवाह घटतो आणि यंत्र पुन्हा पुन्हा ट्रिप होतं. चिलरचा पाणीमार्ग बंद चक्राचा असावा, त्यात पुस्तिकेत सांगितलेलं शुद्ध पाणीच असावं आणि जाळी ठरल्या वेळी साफ व्हावी. मे महिन्यात पारा ४० च्या वर असतो तेव्हा चिलरचा गरम वारा खोलीबाहेर गेला पाहिजे, नाहीतर चिलर आपल्याच उष्णतेत गुदमरतो. पावसाळ्यात नेमकं उलट. हवा दमट असताना पाणी १८ अंशांवर ठेवलं तर ट्यूबच्या डोक्यावर दव जमतं, आणि तिथेच हजारो व्होल्टची जोडणी असते. जुलै-ऑगस्टमध्ये पाण्याचं तापमान पुस्तिकेच्या मर्यादेत राहून दोन-चार अंशांनी वर ठेवा.

लाईट जाण्याचा विचारही आधीच करा. ट्यूबला व्होल्टेज देणारा क्ष-किरण जनरेटर यूपीएसवर आणि चिलर साध्या लाईनवर, अशी जोडणी पुष्कळ ठिकाणी दिसते. लाईट गेली की झोत चालू आणि पाणी बंद. त्या क्षणी ट्यूब फक्त प्रवाहाच्या इंटरलॉकवर अवलंबून असते. दोन्ही एकाच यूपीएसवर घ्या, ते शक्य नसेल तर दोन्ही लाईनवर ठेवा.

पायरी ९: मिठाने ट्यूब तपासा

मिठाची बारीक पूड खलात घोटा आणि होल्डरमध्ये काठाला समपातळीत भरा. पृष्ठभाग वर-खाली झाला तर पीक सरकेल. मिठाच्या घनाची बाजू ५.६४० अँगस्ट्रॉम, सर्वांत मोठं पीक २०० प्रतलाचं, डी २.८२०. तांब्याच्या के-अल्फा-१ ने ते टू-थीटा ३१.७० वर यायला हवं. शेजारी १११ चं लहान पीक २७.३७ वर.

आता करंट कमी करा, म्हणजे डिटेक्टर भरून जाणार नाही. निकेल फिल्टर काढा आणि २६ ते ३३ अंशांमध्ये सावकाश स्कॅन घ्या. २८.५८ वर नवं पीक दिसेल. तो २०० प्रतलाचाच के-बीटा. ट्यूब जुनी असेल तर ३०.३४ वर आणखी एक छोटं पीक दिसतं. फिलामेंटचं टंगस्टन वर्षानुवर्षं उडून ॲनोडवर बसतं आणि स्वतःची १.४७६ अँगस्ट्रॉमची रेषा सोडू लागतं. निकेल फिल्टर ही रेषाही बरीचशी खातो, म्हणून तपासणी फिल्टर काढूनच करायची. हे पीक दर सहा महिन्यांनी मोजून वहीत लिहा, ट्यूबचं वय त्यातून कळतं. आता फिल्टर परत लावा आणि तोच स्कॅन घ्या. २८.५८ चं पीक जवळजवळ नाहीसं झालं पाहिजे.

यावरून कुठल्याही अनोळखी पीकची चाचणी करता येते. त्याचा साइन थीटा काढा आणि १.१०७ ने गुणा. त्या जागी मोठं पीक असेल तर अनोळखी पीक बहुधा के-बीटाचं. १.०४४ ने गुणल्यावर मोठं पीक सापडलं तर टंगस्टनचं. 'अशुद्धी आढळली' असं लिहिण्याआधी हे दोन गुणाकार करा.

शेवटी ७५.३ अंशांजवळचं ४२० चं पीक मोठं करून पाहा. ते दोन शेंड्यांचं दिसेल, शेंड्यांमधलं अंतर सुमारे ०.२२ अंश, डावा उजव्याच्या दुप्पट उंच. हे के-अल्फा-१ आणि के-अल्फा-२. ३१.७ अंशांवर हेच अंतर फक्त ०.०८ असतं, म्हणून तिथे वेगळे दिसत नाहीत, पीक फक्त रुंद वाटतं. शेरर सूत्राने पीकच्या रुंदीवरून कणांचा आकार काढताना ही रुंदी वजा केली नाही तर आकार खोटाच लहान येतो. घरचं मीठ या प्रात्यक्षिकाला पुरतं. यंत्राच्या कोनांचं कॅलिब्रेशन मात्र सिलिकॉनच्या प्रमाणित भुकटीनेच करा, तिचं १११ पीक २८.४४ वर.

पायरी १०: सॅम्पल बाहेर पाठवताना फॉर्मवर काय लिहायचं

फक्त 'एक्सआरडी, १० ते ८०' लिहून पुडी पाठवू नका. सॅम्पलमध्ये कोणती मूलद्रव्यं आहेत ते लिहा, लोखंड, कोबाल्ट किंवा मँगनीज असेल तर ते अधोरेखित करा, आणि कोबाल्ट टार्गेट किंवा मोनोक्रोमेटर मिळेल का ते विचारा. आलेखासोबत टार्गेट, केव्ही, मिलिॲम्पिअर, फिल्टर की मोनोक्रोमेटर, स्टेप आणि प्रत्येक स्टेपचा वेळ, ही माहिती मागून घ्या. के-अल्फा-२ सॉफ्टवेअरने काढलाय का, तेही. कच्ची फाईल नक्की मागा, गुळगुळीत केलेली नको. प्रबंधात 'तांब्याचे के-अल्फा' एवढंच न लिहिता १.५४०६ वापरले की १.५४१८, ते लिहा. जालक स्थिरांकाचा, म्हणजे स्फटिकातल्या मूळ पेटीच्या बाजूचा, तिसरा दशांश त्यावर ठरतो.

ट्यूबच्या तीव्रतेत दिसणारच नाही असं काही शोधत असाल, अत्यंत पातळ थर किंवा अगदी क्षीण पीक, तर इंदूरच्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रातल्या इंडस-२ चा विचार करा. तिथे २.५ अब्ज इलेक्ट्रॉनव्होल्टचे इलेक्ट्रॉन वर्तुळाकार कक्षेत वळताना क्ष-किरण सोडतात. टार्गेट नाही, म्हणून तरंगलांबीही धातूने ठरत नाही, मोनोक्रोमेटरने हवी ती निवडता येते. फेराइटवाल्यांना याचा थेट फायदा: ७.११ केईव्हीच्या जरा खालची ऊर्जा घेतली की लोखंड गप्प बसतं. त्यासाठी प्रस्ताव लिहावा लागतो, आणि त्यात तांब्याच्या ट्यूबवर काय दिसलं नाही व का दिसलं नाही, हे आकड्यांनी मांडावं लागतं.